इंग्रजी उपसर्गांचा उलगडा ‘उलट अर्था’ने होत नाही

प्रति,
मा. संपादक,
सोलापूर.

विषय : इंग्रजी शब्दांचे नकारार्थी उपसर्ग आणि ते शिकवण्यातला ढोबळपणा

महोदय,

आपल्या दैनिकाच्या विद्यार्थी पुरवणीत दहावीच्या मुलांसाठी इंग्रजी विरुद्धार्थी शब्दांची जी यादी अलीकडे छापून आली, तिच्यात ‘व्हॅल्युएबल’समोर ‘इनव्हॅल्युएबल’, ‘फेमस’समोर ‘इन्फेमस’ आणि ‘डिफरंट’समोर ‘इनडिफरंट’ अशा जोड्या होत्या. या तिन्ही जोड्या चुकीच्या आहेत; परंतु केवळ तेवढी दुरुस्ती सुचवायची असती तर मी पोस्टकार्डावर भागवले असते. अशाच जोड्या बाजारातल्या मार्गदर्शकांत आणि शिकवणी वर्गांच्या नोट्समध्ये सर्रास सापडतात आणि त्यांच्या मुळाशी एक नियम आहे, जो आपण प्राथमिक शाळेपासून मुलांच्या गळी उतरवत आलो आहोत : शब्दाच्या आधी ‘अन’, ‘इन’, ‘डिस’ किंवा ‘नॉन’ लावले की अर्थ उलटा होतो. मराठी शाळेत इंग्रजी शिकवण्यात हयात घालवलेली शिक्षिका म्हणून माझे म्हणणे असे, की हा नियम अर्धवट आहे आणि अर्धवट असल्यामुळेच तो परीक्षेपुरता उपयोगी पडून पुढे आयुष्यभर नडतो.

‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे ज्याचे मोल करताच येणार नाही इतके मोलाचे. यातला नकार किमतीला लागलेला नसून किंमत ठरवण्याच्या क्रियेला लागलेला आहे. आपल्याकडचे ‘अमूल्य’ आणि ‘अनमोल’ हे शब्द नेमके याच रीतीने घडलेले आहेत आणि सभेत अध्यक्षांनी ‘आपला अमूल्य वेळ दिला’ म्हटल्यावर तो वेळ कवडीमोल होता असा अर्थ कोणीही घेत नाही. ‘इन्फेमस’ माणूस अप्रसिद्ध नसतो, तर चांगलाच प्रसिद्ध, पण वाईट कारणाने प्रसिद्ध असतो. मराठीत त्याला आपण बदनाम किंवा कुप्रसिद्ध म्हणतो. ‘इनडिफरंट’ म्हणजे ‘सारखा’ नव्हे, तर ज्याला हे काय आणि ते काय, कशाचेच सोयरसुतक नाही असा.

याहून धोक्याचा शब्द आपल्या रस्त्यांवरून रोज धावतो. पुणे-हैदराबाद महामार्गावर पेट्रोल-डिझेलच्या टँकरच्या पाठीवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते आणि ‘इन’ म्हणजे ‘नाही’ एवढेच पाठ केलेल्या मुलाने त्याचा अर्थ ‘अजिबात न पेटणारे’ असा लावला तर दोष त्याचा नाही. लॅटिनमध्ये ‘इन’ ही दोन वेगळी रूपे आहेत. एक नकाराचे आणि दुसरे ‘आत, वर, कडे’ या अर्थाचे. ‘इन्फ्लेमेबल’मधले ‘इन’ हे दुसरे आहे; मूळ क्रियापदाचा अर्थच ‘पेटवणे’ असा होतो. ‘इन्क्लूड’, ‘इम्पोर्ट’ यांतही हेच दुसरे ‘इन’ आहे. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्यांचाही येथे गोंधळ होतो म्हणून अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने १९२० च्या दशकापासून ‘इन’ गाळून नुसते ‘फ्लेमेबल’ लिहावे असा आग्रह धरला आणि आज धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय खुणांवर तोच शब्द असतो. न पेटणाऱ्या वस्तूला ‘नॉन-फ्लेमेबल’ म्हणतात. ज्या शहरात सुताची गोदामे आहेत, चादरी-टॉवेलचे कारखाने आहेत आणि त्यांच्या कोपऱ्यात रसायनांची पिंपे उभी असतात, तेथे या दोन शब्दांमधला फरक कामगाराला ठाऊक असणे परीक्षेतल्या एका गुणापेक्षा निश्चितच महत्त्वाचे आहे.

आता प्रश्न असा की इंग्रजीला एका नकारासाठी इतके उपसर्ग कशाला लागले. ‘अन’ हा इंग्रजीचा घरचा, जर्मानिक कुळातला उपसर्ग. ‘इन’, ‘डिस’ आणि ‘नॉन’ लॅटिनमधून, बरेचदा फ्रेंचच्या वाटेने आले. ‘ॲनिमिया’, ‘ॲनार्की’ यांतला ‘ॲन’ ग्रीकचा. यांतील ‘अन’, नकारार्थी ‘इन’ आणि ग्रीक ‘अ-ॲन’ ही तिन्ही आपल्या संस्कृतातील ‘अ-अन्’ची सख्खी भावंडे आहेत, भारत-युरोपीय भाषाकुळातील एकाच मूळ रूपापासून ती निघाली. संस्कृतात व्यंजनापूर्वी ‘अ’ आणि स्वरापूर्वी ‘अन्’ येतो, म्हणून ‘अन्याय’ पण ‘अनादर’, ‘अयोग्य’ पण ‘अनुचित’. ग्रीकमध्येही नेमकी हीच व्यवस्था आहे. ‘लीगल’चे ‘इनलीगल’ न होता ‘इल्लीगल’ का होते, हे मुले घोकून पाठ करतात, परंतु तीच मुले मराठीच्या तासाला तत् अधिक लीन बरोबर ‘तल्लीन’ आणि उत् अधिक लेख बरोबर ‘उल्लेख’ हे उदाहरण बिनचूक सोडवतात. शेजारच्या ‘ल’ने आधीच्या व्यंजनाला आपल्यासारखे करून घेतले, एवढीच गोष्ट दोन्हीकडे घडली आहे. ‘इम्पॉसिबल’मध्ये ‘प’ने ‘न’चा ‘म’ केला; आपणही ‘संप’ आणि ‘तांबे’ उच्चारताना अनुस्वाराचा ‘म’च करतो. घरचा ‘अन’ मात्र लेखनात हट्टी आहे, तो कोणासाठीही बदलत नाही. म्हणूनच ‘इम्बॅलन्स’ आणि ‘अनबॅलन्स्ड’ ही रूपे शेजारीशेजारी नांदतात.

या दुहेरी वारशातून काही तऱ्हेवाईकपणा आला आहे, तो मान्य केला पाहिजे. ‘अनेबल’ पण ‘इनॅबिलिटी’, ‘अनजस्ट’ पण ‘इनजस्टिस’, ‘अनईक्वल’ पण ‘इनईक्वॅलिटी’. विशेषणाला घरचा उपसर्ग आणि नामाला लॅटिनचा, असा हा संसार आहे. याला पाठांतराखेरीज उपाय नाही आणि तसे मुलांना सरळ सांगावे.

मात्र उपसर्ग कोणता लागतो यापेक्षा तो लागल्यावर काय होते, हा खरा विषय आहे आणि तेथे आपल्या मुलांना बाहेरून काही आणावे लागत नाही. नञ् तत्पुरुष, म्हणजे आधी नकाराचा ‘अ-अन्’ लागलेला समास, आपण शाळेत शिकवतो, परंतु त्याचा विग्रह ‘नाही’ किंवा ‘नसलेला’ असा करून पुढे जातो. संस्कृत वैयाकरणांनी या नञ्चे सहा अर्थ वेगळे काढून ठेवले आहेत : सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य (म्हणजे योग्य नसणे) आणि विरोध. ‘अज्ञान’ म्हणजे ज्ञानाचा अभाव. ‘अनश्व’ म्हणजे घोड्याहून वेगळा कोणताही प्राणी, घोड्याचा शत्रू नव्हे. ‘अनुदरा’ म्हणजे पोट नसलेली स्त्री नव्हे, तर बारीक पोटाची. ‘अकाली पाऊस’ म्हणताना काळ नाहीसा झालेला नसतो, तो अयोग्य असतो. ‘अधर्म’ हा धर्माचा नुसता अभाव नसून त्याच्या विरुद्ध उभे राहणारे वर्तन असते. इंग्रजीने साधारणपणे हीच कामे वेगवेगळ्या उपसर्गांना वाटून दिली आहेत आणि हे वाटप ध्यानात आले की अर्धी गुंतागुंत सुटते.

सोलापूरच्या मुलाला तर हा भेद घरातूनच मिळालेला असतो. मराठीत ‘येथे पाणी नाही’ आणि ‘हे पाणी नव्हे’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पूर्व भागातल्या तेलुगू घरात पहिल्यासाठी ‘लेदु’ आणि दुसऱ्यासाठी ‘कादु’ म्हणतात. अक्कलकोटकडच्या कन्नड घरात पहिल्यासाठी ‘इल्ल’ आणि दुसऱ्यासाठी ‘अल्ल’. एखादी गोष्ट नसणे आणि ती गोष्ट दुसरीच काही असणे, यांतला फरक ज्या मुलाच्या जिभेवर लहानपणापासून आहे, त्याला आपण इंग्रजीच्या तासाला ‘अपोझिट वर्ड’ या एकाच खुंटीला बांधून ठेवतो, याला काय म्हणावे?

‘नॉन’ हा या ‘नव्हे’चा उपसर्ग आहे. तो वर्गाची रेषा आखतो आणि रेषेबाहेरचे सगळे एका बाजूला करतो. निंदा किंवा विरोध त्याच्या पोटात नसतो. मराठीत हे काम बहुधा ‘इतर’ करतो. ‘नॉन-टीचिंग स्टाफ’ला आपण शिक्षकेतर कर्मचारी म्हणतो, अशिक्षक म्हणत नाही. नान्नजचा माळढोक पक्षी ‘नॉन-ह्यूमन’ म्हणजे मानवेतर आहे, तर ‘इनह्यूमन’ म्हणजे अमानुष हे विशेषण बहुधा माणसाला आणि त्याच्या वागण्याला लागते. डॉक्टर नसलेला मनुष्य वैद्यकाच्या दृष्टीने ‘नॉन-प्रोफेशनल’ असतो. डॉक्टर असून रुग्णाचे गुपित चव्हाट्यावर आणणारा ‘अनप्रोफेशनल’ ठरतो. सातबारा आणि प्लॉटच्या व्यवहारात आपण ज्याला ‘एनए’ म्हणतो, त्या ‘नॉन-ॲग्रिकल्चरल’ला बिनशेती हा किती चपखल शब्द आहे. ‘नॉन क्रिमीलेअर’चा दाखला काढायला रांगेत उभ्या राहणाऱ्या प्रत्येक पालकाला कळत असते, की हा गरिबीचा दाखला नसून उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचा दाखला आहे. म्हणजे ‘नॉन’ कसा वाचावा हे लोकांना येते. ते शाळेत मिळालेल्या नियमाला जोडून दाखवण्याचे काम आपण करत नाही.

जेथे लोकांना ते येत नाही तेथे मात्र फार मनस्ताप होतो. पोलीस ठाण्यात तक्रार नेल्यावर ‘एनसी’ करून घेतली असे सांगितले जाते आणि माणूस ‘आपली दखलच घेतली नाही’ म्हणून चडफडत घरी येतो, कारण ‘नॉन-कॉग्निझेबल’ला मराठीत अदखलपात्र म्हणतात. प्रत्यक्षात अर्थ मर्यादित आहे : अशा गुन्ह्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटक करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही विभागणी कायम आहे. याच जातीचा दुसरा शब्द ‘नॉन-बेलेबल’. आरोपीचे नातेवाईक अजामीनपात्र हा शब्द वाचून जामीन मिळणारच नाही अशी समजूत करून घेतात आणि त्या भीतीचा फायदा घेणारेही कोर्टाच्या आवारात भेटतात. बेलेबल गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो; नॉन-बेलेबल गुन्ह्यात तो हक्क नसून न्यायालय आपल्या अधिकारात जामीन देऊ किंवा नाकारू शकते. नकार हक्काला लागला आहे, जामिनाला लागलेला नाही.

दवाखान्यातले कागदही असेच आहेत. माझ्या शेजारच्या आजींच्या सोनोग्राफीच्या अहवालात यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड अशा प्रत्येक ओळीपुढे ‘अनरिमार्केबल’ असे छापलेले होते. शेवटच्या वर्षाला असलेल्या त्यांच्या नातवाने ‘रिमार्क’ म्हणजे शेरा आणि ‘अन’ म्हणजे उलट अशी फोड करून ‘शेरा मारण्याच्याही पलीकडे गेले आहे’ असा अर्थ काढला आणि डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत घरात कोणी धड जेवले नाही. त्या शब्दाचा अर्थ इतकाच, की नमूद करावे असे काही वावगे दिसले नाही, म्हणजे सर्व ठीक आहे. एचआयव्हीसारख्या संसर्गाच्या रक्ततपासणीत ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ आले की अशीच घबराट होते. तीही मुळात चांगली बातमी असते.

‘डिस’चा स्वभाव ‘नॉन’हून अगदी वेगळा. तो बाजूला बसून राहत नाही, काहीतरी मोडतो, काढून घेतो किंवा उधळतो. हा फरक दाखवण्यासाठी सोलापूरकरांच्या हाताशी असलेले उदाहरण दुसऱ्या कोणाकडे क्वचितच असेल. १९२० साली गांधीजींनी जे आंदोलन सुरू केले त्याचे इंग्रजी नाव ‘नॉन-को-ऑपरेशन’, मराठीत असहकार : शाळा, न्यायालये, पदव्या यांपासून दूर राहायचे, सरकारला हात द्यायचा नाही. १९३० सालच्या आंदोलनाचे नाव ‘सिव्हिल डिसओबिडियन्स’. येथे नुसते आज्ञेबाहेर राहायचे नव्हते, आज्ञा मोडायची होती, आणि ज्याने कोणी त्याला मराठीत सविनय कायदेभंग हे नाव रूढ केले त्याने ‘डिस’साठी ‘अ’ न वापरता ‘भंग’ वापरला, ही भाषेची जाण थोर म्हणावी लागेल. त्या वर्षी मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याला फाशी देण्यात आले. चार हुतात्म्यांच्या चौकातून रोज शाळेला जाणाऱ्या मुलांना ‘डिस’ शिकवताना ‘डिसलाइक’ आणि ‘डिसअग्री’ यांच्या आधी हा शब्द फळ्यावर यायला हवा.

‘यूज’ या एका शब्दाला तीन उपसर्ग लावून पाहिले तरी हे कळते. वेष्टन न काढलेला टॉवेल ‘अनयूज्ड’ असतो, कारण तो कधी वापरलेलाच नाही. बंद पडलेली कापड गिरणी ‘डिसयूज्ड’ असते; एके काळी तिच्या भोंग्यावर गाव उठत होते, आता वापर थांबला आहे. आणि एका कामाचा निधी भलत्याच कामाला लावला तर तो ‘मिसयूज्ड’. हा तिसरा ‘मिस’ म्हणजे नञ्च्या सहा अर्थांतले अप्राशस्त्य होय. त्यासाठी मराठीने फारसी-अरबीच्या वाटेने आलेला ‘गैर’ जवळ केला आहे : गैरवापर, गैरसमज, गैरवर्तन. ‘मिसयूज’, ‘मिसअंडरस्टँडिंग’ आणि ‘मिसबिहेवियर’ हे तिन्ही शब्द या तिघांसमोर अचूक बसतात.

‘डिसइंटरेस्टेड’ या शब्दाबद्दल मात्र दोन्ही बाजूंनी भांडण आहे. जाणकार लेखक तो निःपक्ष, स्वतःचा स्वार्थ नसलेला या अर्थी वापरतात आणि रस नसलेल्याला ‘अनइंटरेस्टेड’ म्हणतात. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड असावा, अनइंटरेस्टेड असू नये. गंमत अशी की सतराव्या शतकात हे दोन्ही शब्द इंग्रजीत आले तेव्हा त्यांचे अर्थ आजच्या नेमके उलट होते, आणि आजही बोलण्यात दोघांची सरमिसळ चालते. येथे मुलाने चूक केली तर मी अर्धा गुण देईन.

राहिला क्रियापदाला लागणारा ‘अन’. ‘अनहॅपी’मधला ‘अन’ आणि ‘अनलॉक’मधला ‘अन’ दिसायला एक असले तरी जुन्या इंग्रजीत ते दोन निराळे उपसर्ग होते. पहिला नकार देतो. दुसरा झालेली क्रिया मागे फिरवतो. बांधलेले सोडणे, भरलेले उतरवणे, लावलेले उघडणे असे त्याचे काम असते आणि म्हणून आधी क्रिया झालेली असावी लागते. जून २०२० मध्ये टाळेबंदी टप्प्याटप्प्याने उठू लागली तेव्हा ‘अनलॉक’ हा शब्द आपल्याच पहिल्या पानावर मथळ्यात होता आणि चाटी गल्लीतल्या दुकानदारालाही तो समजावून सांगावा लागला नाही. परंतु या दोन ‘अन’मुळे ‘अनलॉकेबल’ या शब्दाचे दोन अर्थ निघतात : ज्याला कुलूप लावता येत नाही असे, आणि ज्याचे कुलूप उघडता येते असे. कोणता घ्यायचा हे वाक्यच ठरवते. हुशार मुलांना असे शब्द दिले तर ती तास संपला तरी उठत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

महाराष्ट्रात मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी सुरू होऊन, म्हणजे २००० सालापासून, दोन तपे उलटून गेली. उपसर्ग किंवा प्रत्यय लावून नवा शब्द करा, हा प्रश्न शालान्त परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत असतो, पण नव्या शब्दाचा अर्थ लिहा असे पुढे विचारले जात नाही. ‘डिस’ लावला, गुण मिळाला, प्रकरण मिटले. अर्थासाठी एक ओळ जास्त मागितली तरी शिकवण्याची पद्धत आपोआप बदलेल, कारण शिक्षक काय शिकवतात हे शेवटी प्रश्नपत्रिका ठरवते, हे आम्हा शिक्षकांना पक्के ठाऊक आहे.

आपल्याकडे माझ्या दोन विनंत्या आहेत. पुरवणीत शब्दांच्या जोड्या छापण्याऐवजी दर आठवड्याला एकच उपसर्ग घ्यावा, त्याची चार-पाच वाक्ये द्यावीत आणि शेजारी मराठीतला त्याच घडणीचा शब्द ठेवावा. या कामासाठी शहरात निवृत्त शिक्षकांची वाण नाही आणि मानधनाची अपेक्षाही कोणी करणार नाही. दुसरी विनंती गुन्हेविषयक बातम्यांच्या संदर्भात आहे. अजामीनपात्र आणि अदखलपात्र हे शब्द बातमीत येतील तेव्हा त्यांचा कायद्यातला नेमका अर्थ एका वाक्यात सोबत द्यावा. जागेची अडचण असेल तर निदान ज्या दिवशी असा शब्द मथळ्यात असेल, त्या दिवशी तरी चौकट टाकावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका,
सोलापूर